मिडलंड ग्रँड हॉटेल
लंडनमधील सेंट पँक्रस रेल्वेस्थानकाच्या दर्शनी बाजूस असलेली विख्यात व्हिक्टोरियाकालीन वास्तू. त्या काळी इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांत तीव्र चढाओढ होती व स्थानकालगतचे भव्य हॉटेल हे कंपनीच्या प्रतिष्ठेचे गमक मानले जाई. मिडलंड रेल्वे कंपनीने १८६५ मध्ये घेतलेल्या स्पर्धेत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–७८) या वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा निवडण्यात आला. तो ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा व खर्चिक होता. बांधकाम १८६८ मध्ये सुरू झाले. हॉटेल ५ मे १८७३ रोजी उघडले आणि उर्वरित काम १८७६ मध्ये पूर्ण झाले.

इमारत लाल विटांची असून तीत दगडी कोरीव कामाचा मुबलक वापर केलेला आहे. टोकदार कमानी, उंच उतरती छपरे, गवाक्षे व घड्याळाचा मनोरा यांत इंग्लिश, फ्रेंच व इटालियन गॉथिक शैलींचा मिलाफ आढळतो. अंतर्भागातील भव्य जिना विशेष प्रेक्षणीय असून त्याच्या खालील लोखंडी तुळया उघड्याच ठेवलेल्या आहेत. हॉटेलमागील फलाटांवरील, विल्यम हेन्री बार्लो या अभियंत्याने योजिलेले सु. ७३ मी. रुंदीचे छत मधल्या खांबांविना उभारलेले आहे. रीजंट्स कालव्यावरून मार्ग नेल्यामुळे फलाट उंचावर घ्यावे लागले. त्यांखालील जागेत बर्टन येथून येणारी बिअरची पिंपे साठवीत.

जलदाबावर चालणाऱ्या लिफ्ट व आग रोखणाऱ्या काँक्रीटच्या जाड तक्तपोशी या सोयी त्या काळी आधुनिक होत्या. खोल्यांना स्वतंत्र स्नानगृहे मात्र नव्हती. पुढे ती आवश्यक ठरली, तेव्हा याच भक्कम बांधणीमुळे नवे नळ घालणे अवघड व खर्चाचे झाले. अखेर १९३५ मध्ये हॉटेल बंद पडले आणि तेथे रेल्वेची कार्यालये आली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिक्टोरियाकालीन वास्तुकला अभिरुचिहीन समजली जाई. जवळच्या यूस्टन स्थानकाची प्रसिद्ध कमान १९६१-६२ मध्ये पाडण्यात आली. सेंट पँक्रसवरही तोच प्रसंग ओढवू पाहत होता. कवी जॉन बेट्जेमन, कलेतिहासकार निकोलाउस पेव्हझ्नर व व्हिक्टोरियन सोसायटी यांच्या प्रयत्नांमुळे १९६७ मध्ये या वास्तूस प्रथम श्रेणीचे संरक्षण मिळाले. तथापि संरक्षण मिळाले, तरी उपयोग मिळाला नाही. अग्निसुरक्षेच्या कारणास्तव १९८० नंतरच्या दशकात कार्यालयेही हलविण्यात आली व इमारत रिकामी पडली. स्थानकातून २००७ मध्ये यूरोपकडे जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा तिला नवे प्रयोजन लाभले. जीर्णोद्धारानंतर ५ मे २०११ रोजी, म्हणजे मूळ उद्घाटनानंतर १३८ वर्षांनी, ‘सेंट पँक्रस रेनेसान्स’ या नावाने तेथे पुन्हा हॉटेल समारंभपूर्वक सुरू झाले.

मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४) व राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय (१८७८) यांचे आराखडेही स्कॉटचेच. त्याने भारताला मात्र कधीही भेट दिली नाही.