चिनी युद्धकलेची कसोटी

१९२८ सालचा ऑक्टोबर महिना. चीनची त्या वेळची राजधानी नानजिंग. देशाच्या कानाकोपऱ्यातून नामांकित वस्ताद आणि त्यांचे पठ्ठे तिथे गोळा झाले होते. निमित्त होते एका परीक्षेचे. आणि ती कागदावरची नव्हे, अंगाची. जनरल जांग जिजियांग यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी देशी युद्धकलेची एक मध्यवर्ती संस्था निघाली होती. तिनेच ही परीक्षा भरविली. आधी हातापायांची आणि हत्यारांची प्रात्यक्षिके झाली, मग प्रत्यक्ष लढती. पण दुखापती इतक्या वाढल्या, की अखेरीस उरलेल्या निवडक मंडळींना आपसात लढू न देताच श्रेष्ठ म्हणून जाहीर करावे लागले.

आता पहा, यात केवढा पेच आहे! ज्या विद्येचा हेतूच शत्रूला निकामी करणे हा, तिची परीक्षा घ्यायची कशी? पूर्ण मोकळीक द्यावी, तर माणूस जिवाला मुकेल. हात आखडून मारा म्हणावे, तर परीक्षा लटकी ठरेल. चिनी युद्धकलेचा पुढचा इतिहास म्हणजे हा पेच सोडविण्याची खटपट होय.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. विद्या घराण्यात, मठात नाहीतर खेड्यातल्या आखाड्यात राही. गुरू ती निवडक शिष्याला देई. व्यापाऱ्यांचा माल परगावी पोचविणारे राखणदार तिच्यावरच पोट भरीत. दरोडेखोराशी गाठ पडली की खरेखोटे आपोआप ठरे. पुढे बंदुका आल्या, आगगाड्या आल्या आणि ही कसोटी संपली. १९०० सालच्या बॉक्सर बंडात तर कित्येकांची अशी श्रद्धा होती, की मंत्र आणि कवायत यांच्या बळावर अंगाला गोळी लागत नाही. गोळी लागली, आणि माणसे मेली. कसोटीवाचून राहिलेली विद्या माणसाला कुठे नेते, याचा हा दारुण धडा होता. त्यानंतर सुधारक पुढे आले. १९१० साली शांघायमध्ये जिंगवू ही संस्था निघाली. निरनिराळ्या घराण्यांची विद्या तिथे एकाच छपराखाली, उघडपणे शिकविली जाऊ लागली.

नानजिंगनंतर वर्षभराने, १९२९ साली, हांगझौ शहरात उंच चौथऱ्यावर लढती झाल्या. डोळे, गळा आणि अवघड जागा यांवर मारायला बंदी होती. म्हणजे गुरुजन ज्या जीवघेण्या डावांच्या गोष्टी सांगत, नेमके तेच बाद! त्यात अन्याय काहीच नव्हता. पण एक गोष्ट उघड झाली. नियम केला, की कला बदलतेच.

दुसरा प्रसंग १९५४ सालच्या जानेवारीतला, मकाऊचा. हाँगकाँगमधल्या आगीतल्या बेघरांसाठी निधी जमवायचा होता. त्यासाठी ताइ चीचे वस्ताद वू गोंगयी आणि श्वेत सारस घराण्याचे तरुण शिक्षक चान हाक-फू समोरासमोर उभे राहिले. दुसऱ्याच फेरीत पंचांनी लढत थांबविली. निकाल काय? कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही, आणि बरोबरीही नाही! या लढतीची फिल्म आजही पाहायला मिळते. तिच्यात घराण्यांचे डौलदार पवित्रे क्वचितच दिसतात. दिसतात ते घाईचे ठोसे. समोरचा माणूस खरोखर मारायला आला, की ठरीव पवित्रा हातून निसटतो. त्याची सवय वेगळीच लावावी लागते.

चीनच्या मुख्य भूमीवर १९४९ नंतर भर प्रात्यक्षिकांवर राहिला. १९५६ साली ताइ चीचा २४ हालचालींचा सोपा क्रम ठरला आणि तो लाखो लोकांच्या व्यायामाचा भाग झाला. प्रकृतीला तो उत्तमच. पण लढत मागे पडली. ती परत आली १९७९ साली. त्या वर्षी सरकारी क्रीडाखात्याने काही निवडक संस्थांत प्रयोग सुरू केला. त्यातून उभा राहिला तो सान्शौ, ज्याला हल्ली सांदा म्हणतात. १९८९ साली त्याला स्पर्धेत अधिकृत जागा मिळाली.

याची रचना मोठी हुशारीची आहे. आठ मीटर लांबीरुंदीचा चौथरा, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. हातमोजे, शिरस्त्राण, छातीला कवच. ठोसा, लाथ आणि कुस्तीची फेक या तिन्हींना गुण. चौथऱ्याखाली पाडले तरी गुण. कोपर आणि गुडघा मारायला मनाई. मोज्यांमुळे बोटांची पकड आणि नखांचे डाव गेले. त्याऐवजी येणारी लाथ हातात धरून गड्याला खाली फेकण्याचे कसब मात्र वाढले. एक गेले, एक आले.

मग या सौद्यात फायदा झाला की तोटा? जुने वस्ताद म्हणतात, ही आमची विद्याच नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण २०१७ साली चेंगदू शहरात काय झाले, तेही पहा. ताइ चीच्या एका शिक्षकाला मिश्र लढतींचा सराव असलेल्या गड्याने काही सेकंदांत लोळविले. गुप्त डाव कितीही असोत. अंगावर येणाऱ्या माणसाशी रोज झोंबल्यावाचून ते वेळेला हाती लागत नाहीत. आपल्या खाशाबा जाधवांनाही लाल मातीतून गादीवर जाताना पुष्कळ नव्याने शिकावे लागले, तेव्हा कुठे १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आले.

शिक्षकबंधूंना यातले मर्म सांगायला नको. परीक्षा नसेल, तर विद्या फुशारकीत बुडते. परीक्षाच सर्वस्व झाली, तर मुलगा गुणांपुरतेच शिकतो. म्हणून परीक्षा घ्यावी, पण तिच्यात न मावणारे जे असेल तेही जतन करावे. चीनमध्ये आज प्रात्यक्षिक आणि लढत या दोन्ही वाटा शेजारी शेजारी चालू आहेत, हे म्हणूनच बरे.

आणि गंमत पहा. १९२९ साली जिथे चौथऱ्यावर रक्त सांडले, त्याच हांगझौ शहरात २०२३ साली आशियाई खेळ झाले. त्यात सांदाच्या ६० किलो गटात मणिपूरच्या रोशिबिना देवी हिने रौप्यपदक मिळविले. अंतिम सामना ती हरली. पण हरलेला माणूस आपल्या पायांनी चौथऱ्यावरून उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जातो. नानजिंगला जे साधले नव्हते, ते हेच.