सर्प, पाळीव : रंगप्रकारांची आनुवंशिकता

जनक सापांच्या जनुकांवरून पिल्लांच्या रंग-नक्षीचा अंदाज बांधण्याची पद्धत. अमेरिकेत तिचा पाया मक्यासर्पावर (कॉर्न स्नेक) घातला गेला. या सापातील विवर्णता मेंडेलच्या नियमांनुसार अप्रभावी असल्याचे बेक्टेल दांपत्याने 1962 मध्ये दाखवले. आज रंगप्रकारांच्या पैदाशीच्या हौसेचा मोठा भाग पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथनभोवती फिरतो.

विवर्णतेचे जनुक एकेरी असेल, तर साप नेहमीसारखाच दिसतो. तो फक्त वाहक असतो. दोन वाहकांच्या संकरात प्रत्येक पिल्लू विवर्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. नेहमीच्या रंगाच्या पिल्लांपैकी कोणते वाहक, हे पाहून कळत नाही. म्हणून विक्रेते त्यांना ‘66 टक्के हेट’ (हेट म्हणजे वाहक) म्हणून विकतात. हा आकडा त्या पिल्लाविषयीच्या संभाव्यतेचा आहे, हमीचा नव्हे. अशा संकरातील सहा अंड्यांतून एकही विवर्ण पिल्लू न निघण्याची शक्यता सुमारे 18 टक्के उरतेच.

‘पेस्टल’ हा बॉल पायथनचा अपूर्ण प्रभावी प्रकार आहे. त्याचे जनुक एकेरी असले तरी रंग उजळतो आणि दुहेरी झाल्यास अधिकच खुलतो. ‘स्पायडर’ प्रभावी आहे; मात्र त्याच जनुकासोबत डोके डुलण्याचा दोष येतो. नक्षीसाठी अशी पैदास करणे समर्थनीय नाही.

ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये पाळणाऱ्यांकडून मिळालेल्या कातींतील डीएनए तपासून बॉल पायथनच्या तीन रंगप्रकारांशी निगडित जनुकीय बदल शोधले. विवर्ण प्रकारातील बदल टायरोसिनेज जनुकात आढळला.