तोललेले वॅट

घरात ट्रेनरवर सायकल चढवून पडद्यावरचे घाट चढणाऱ्या मंडळींची एक तक्रार मी नेहमी ऐकतो. दम तेवढाच लागला, पण काल २१० वॅट दाखवत होतं आणि आज १८०. मी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. विद्यार्थ्यांना मोनार्क कंपनीच्या अर्गोमीटरवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या स्थिर सायकलीवर, बसवणं हे माझं काम. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो, या आकड्यामागे तोललंय काय?

कोपनहेगनला शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ साली वापरलेल्या सायकलीत विद्युतचुंबकांमधून तांब्याची चकती फिरे आणि चुंबकांची ओढ वजनं टाकून तोलली जाई. १९५४मध्ये स्वीडनच्या विल्हेल्म फॉन डोबेल्न यांनी प्रकरण फारच सोपं केलं. जड चाकावर पट्टा, पट्ट्याला लंबक, लंबकामागे आखलेली पट्टी. मोनार्कने ही रचना जगभर पोचवली. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचा काठ ६ मीटर सरकतो. १ किलोचा ताण आणि मिनिटाला ५० फेरे, म्हणजे ४९ वॅट. कुणीही कागदावर गुणाकार करून बघावा.

सकाळी पट्टा सैल सोडून काटा शून्यावर आहे ना, हे आधी बघायचं. अधूनमधून ४ किलोचं प्रमाणित वजन टांगायचं. काटा चारावर टेकला नाही, तर लंबकातलं वजन सरकवून पुन्हा स्क्रू आवळायचा. साखळीत जिरणारी ताकद या यंत्राला दिसत नसे, हा त्याचा दोषच. पण तो आम्हाला ठाऊक होता आणि साखळी नीट ठेवली की फारसा बदलत नसे.

जर्मन अभियंता उलरिश शोबेरर यांनी १९८६च्या सुमारास क्रँकमध्येच स्ट्रेन गेज बसवले. धातू किती ताणला यावरून बल कळतं. थंडी-उन्हाने तिथेही शून्य सरकतं, म्हणून निघण्याआधी ते लावून घ्यायचं. वजन टांगून पडताळायची सोय इथेही राहिली.

ती सुटली झ्विफ्टसारख्या सॉफ्टवेअरच्या आभासी वॅटमध्ये. साध्या ट्रेनरवर मोजला जातो फक्त चाकाचा वेग. त्या मॉडेलच्या ठरावीक आलेखावरून सॉफ्टवेअर वॅट काढतं. टायरमध्ये हवा कमी असली किंवा रोलर जास्त आवळला गेला, तर चाक जड फिरतं, वेग पडतो आणि त्याबरोबर वॅटही. फ्लुइड ट्रेनरमधला द्रव तापून पातळ झाला की उलट घडतं. पाय तेवढेच चालतात, आकडा मात्र चढतो. आलेखाला यातलं काहीच कळत नाही.

२०२०च्या पहिल्या जागतिक ई-सायकलिंग स्पर्धेत सगळ्या स्पर्धकांना एकाच प्रकारचे ट्रेनर दिले होते, ते मला फार रास्त वाटतं. घरी मी एवढंच सांगतो: दर वेळी हवा सारखी भरा, रोलरची चावी तेवढेच आटे फिरवा, १० मिनिटं ट्रेनर तापू द्या आणि शेजाऱ्याच्या वॅटशी आपले वॅट लावू नका.