पवनेचा पूर आणि चिंचवडचा शिलालेख

चिंचवड येथील श्रीमोरया गोसावी यांच्या समाधिमंदिराच्या शिलालेखांत तें काम शके १५८० (इ. स. १६५८) मध्यें आरंभिल्याचें नमूद आहे. मंदिर पवनेच्या कांठींच असल्यामुळें मोठ्या पुराचें पाणी आंत शिरतें. ता. २५ जुलै २०२४ रोजीं मुसळधार पावसानें तसेंच झालें. हा दोष केवळ पर्जन्याचा, कीं भराव घालून पात्र आकुंचित करणाऱ्या नगराचाहि, हें ठरविण्यास पूर्वींचे पूर कोणत्या पायरीपर्यंत चढले हें कळलें पाहिजे. अशा नोंदी दगडापेक्षां कागदांत मिळण्याचा संभव अधिक. आणि कागद तर पाण्याचें पहिलें भक्ष्य! सबब संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतील पुराचे उल्लेख तिथिवारासह उतरून ठेवावे, अशी आमची विनंति आहे.