बाळाची मालिश: खरा फायदा कशाचा, आणि नाकात तेल का सोडू नये?

बाळाला पायांवर घेऊन तेल लावणाऱ्या मालिशवाल्या बाईंचे रील्स सध्या खूप फिरतात. खाली कमेंट्सही ठरलेल्या. कुणी म्हणतं, ‘आमच्या आजीने हेच केलं’, तर कुणी म्हणतं, ‘डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय’. खरं तर डॉक्टरांचा आक्षेप सहसा मालिशला नसतो, तिच्यासोबत होणाऱ्या काही गोष्टींना असतो.

मालिशचा फायदा मोजला गेलाय. 1986 मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड यांच्या गटाने वेळेआधी जन्मलेल्या काही बाळांना दिवसातून तीनदा, 15-15 मिनिटं, असं दहा दिवस मालिश केलं. इतर बाळांइतकंच दूध पिऊनही त्यांचं वजन 47 टक्के जास्त वाढलं. पुढे असंही दिसलं की नुसतं कुरवाळण्यापेक्षा मध्यम दाबाने जास्त फरक पडतो. अशा दाबामुळे पचनाशी जोडलेली व्हेगस नस जास्त सक्रिय होते.

तेलाचा फायदा वेगळा आहे. ढाक्याच्या एका रुग्णालयात वेळेच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर जंतुसंसर्ग कमी झाला. अशा बाळांची त्वचा कच्ची असते आणि तेलाचा थर तिला आधार देतो. आपल्याकडचं खोबरेल तेलही चालतं. मोहरीचं मात्र टाळलेलं बरं, त्याने त्वचेची आग होऊ शकते.

आता नाक. नाकात सोडलेलं तेल श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरू शकतं. पाणी गेलं तर ठसका लागतो, तेलाने अनेकदा लागतही नाही. त्यामुळे कुणाला कळत नाही आणि न्युमोनिया होतो. कानातही तेल घालू नये. धुरीचा धूर बाळाच्या फुफ्फुसांना त्रासदायकच.

टाळू तेलाने भरत नाही, कवटीची हाडं वाढताना ती आपोआप भरते. नाक दाबून सरळ होत नाही. अंगावरची लव काही आठवड्यांत गळते, त्यासाठी डाळीच्या पिठाने घासून नाजूक त्वचा सोलवटायची गरज नाही.

दूध पाजल्यावर लगेच, तापात किंवा अंगावर पुरळ असताना मालिश नको. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला घरी आणल्यावर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मालिश करताना बाळ जोरात रडायला लागलं, तर ‘अंग मोकळं होतंय’ म्हणत चालू ठेवू नका, थांबा.