लिहिलेला नियम, पाळलेला नियम

१/ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे दीर्घ उपवासच असे. आदल्या मध्यरात्रीपासून पाणी वर्ज्य, नाकातून जठरापर्यंत नळी आणि नंतर कित्येक दिवस अंथरूण. या प्रथांमागे पुराव्यापेक्षा परंपरेचेच बळ अधिक होते.

२/ डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी या परंपरेला आव्हान दिले. शस्त्रक्रियेचा शरीरावरील ताण कमी करण्यासाठी अनेक उपाय एकत्र योजावेत, अशी मांडणी त्यांनी १९९७ मध्ये केली. उत्तम वेदनाशमन, लवकर आहार आणि लवकर हालचाल हे त्यांतील प्रमुख उपाय. १९९९ च्या त्यांच्या अहवालातील १६ रुग्णांचा रुग्णालयातील मध्यक मुक्काम अवघा २ दिवसांचा होता.

३/ २००१ मध्ये केन फिअरन आणि ओले ल्युंगक्विस्ट यांच्या पुढाकाराने उत्तर युरोपातील शल्यविशारद एकत्र आले. त्यांच्या कार्यक्रमाला पुढे ‘इरास’ हे नाव रूढ झाले. २००५ मध्ये या गटाने आपली सर्वसंमत नियमावली प्रसिद्ध केली.

४/ पण कागदावरचा नियम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचत होता का? पाच युरोपीय रुग्णालयांतील ४२५ रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासाने याचे उत्तर दिले. शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेदरम्यान नियम चांगले पाळले जात; त्यानंतरच्या दिवसांत मात्र ते ढिले पडत. घरी जाण्याचे निकष रुग्ण साधारण तिसऱ्या दिवशी पूर्ण करी, पण प्रत्यक्षात घरी जाई पाचव्या दिवशी. नुसती नियमावली पुरेशी नव्हती.

५/ म्हणून मोजदाद सुरू झाली. प्रत्येक रुग्णासाठी प्रत्येक नियम पाळला की नाही याची नोंद करायची आणि त्यावरून टक्केवारी काढायची. स्टॉकहोमच्या एर्स्टा रुग्णालयात आतड्याच्या कर्करोगाच्या ९५३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००२-०४ मध्ये सुमारे ४३ टक्के असलेले पालन २००५-०७ मध्ये सुमारे ७१ टक्क्यांवर गेले आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत घटली.

६/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असा प्रश्न उभा राहतो: कारण कोणते आणि परिणाम कोणता? ज्याला गुंतागुंत झाली, तो रुग्ण जेवू वा चालू शकत नाही. मग त्याची टक्केवारी आपोआप घसरते. शिवाय, केलेली पण न नोंदवलेली गोष्ट हिशेबात ‘न केलेली’ ठरू शकते. आकडा हेही एक साधनच; त्याचीही चिकित्सा करावीच लागते.

७/ तरीही या मोजदादीचे मोल मोठे आहे. ‘आम्ही नियम पाळतो’ या समजुतीची पडताळणी तिच्यामुळे शक्य झाली. रुग्णाला वेळेवर जेवण मिळाले का आणि तो खाटेवरून उतरून चालला का, हे साधे प्रश्न त्यामुळेच शस्त्रक्रियेच्या इतिहासात दाखल झाले.