नेसरीची लढाई

मराठ्यांचा सरनोबत प्रतापराव गुजर आणि विजापूरच्या आदिलशाहीचा सेनानी अब्दुल करीम बहलोलखान यांच्यात २४ फेब्रुवारी १६७४ (माघ वद्य १४, शके १५९५, महाशिवरात्र) रोजी झालेली लढाई. लढाईचे स्थळ नेसरी हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात आहे. तीत प्रतापराव मारला गेला. लष्करी दृष्ट्या ही एक लहान चकमक होती. तिच्यामुळे कोणताही किल्ला वा परगणा एका सत्तेकडून दुसरीकडे गेला नाही. तथापि लढाई द्यावी की टाळावी हा जो निर्णय सेनापतीला वारंवार घ्यावा लागतो, त्याच्या अभ्यासासाठी मराठ्यांच्या इतिहासात नेसरीइतके बोलके उदाहरण क्वचितच आढळते.

अली आदिलशाह (दुसरा) २४ नोव्हेंबर १६७२ रोजी मरण पावला आणि त्याचा अल्पवयीन मुलगा सिकंदर गादीवर आला. सत्ता खवासखानाच्या हाती गेली व दरबारातील दखनी-पठाण तेढ वाढली. या स्थितीचा लाभ घेऊन शिवाजी महाराजांनी पुन्हा विजापुरी मुलखाकडे लक्ष वळविले. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदाने निवडक लोकांनिशी पन्हाळा घेतला. हा किल्ला १६६० मध्ये महाराजांना आदिलशाहीस द्यावा लागला होता. तो परत मिळविण्यासाठी खवासखानाने बहलोलखानाला पाठविले. सभासदाच्या बखरीत त्याच्या फौजेचा आकडा १२,००० असा येतो. त्याला वाटेतच अडविण्याची कामगिरी प्रतापरावावर सोपविण्यात आली. प्रतापरावाचे मूळ नाव कुडतोजी. नेताजी पालकरानंतर तो सरनोबत झाला आणि १६७२ मधील साल्हेरच्या लढाईत मोगलांविरुद्ध त्याने नाव मिळविले होते.

एप्रिल १६७३ मध्ये उमराणी (सध्याचा सांगली जिल्हा, जत तालुका) येथे मराठ्यांनी विजापुरी फौज गाठली व तिचा पाणवठा तोडला. उन्हाळ्याचे दिवस, माणसे आणि जनावरे तहानलेली, अशा अवस्थेत दिवसभर लढाई झाली. अखेर खानाने तहाची याचना केली आणि प्रतापरावाने त्याला वाट दिली. हा निर्णय पुढे चुकीचा ठरला, म्हणून तो घेतला तेव्हाही अविचाराचा होता असे मात्र म्हणता येत नाही. पन्हाळ्यावरील दडपण दूर करणे हा मोहिमेचा हेतू होता व तो साधला होता. कोंडलेला शत्रू जिवावर उदार होऊन लढतो आणि त्याला पूर्णपणे नष्ट करण्यात हलक्या घोडदळाची मोठी हानी होते, हा अनुभव जुनाच आहे. खानाचा शब्द किती भरवशाचा, एवढाच प्रश्न उरत होता. प्रतापरावाच्या हिशेबातील सर्वांत कच्चा दुवा तोच होय.

महाराजांना हा तह पसंत पडला नाही. सला कोणत्या कारणाने केला, असा जाब त्यांनी विचारल्याचे सभासद सांगतो. खानाची फौज बुडविल्याखेरीज तोंड दाखवू नये, अशी ताकीद दिल्याचेही परंपरा सांगते. प्रतापरावाने यानंतर हुबळीची समृद्ध पेठ लुटली. तेथील इंग्रज वखारीलाही झळ पोहोचली. परंतु बहलोलखान पुन्हा मराठी मुलखावर चालून आला, तेव्हा उमराणीचा बोल अधिकच तीव्र झाला असला पाहिजे.

प्रतापरावापुढील पेच समजण्यासाठी मराठ्यांच्या युद्धपद्धतीतील माघारीचे स्थान ध्यानात घेणे आवश्यक आहे. गनिमी काव्यात माघार हा पराभव मानला जात नसे. जड तोफा व मोठे बाजारबुणगे नसलेले घोडदळ जोर कमी पडतो असे दिसताच निघून जाई, आणि पुन्हा सोयीच्या जागी उभे राही. प्रत्येक खेपेस पणाला लागे ते थोडेच. खुद्द महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात चार लक्ष होन उत्पन्नाचे २३ किल्ले मोगलांना दिले आणि एक लक्ष होनांचे १२ राखले. १६७० नंतर दिलेल्यांपैकी बहुतेक किल्ले परत आले. सोडून देणे हे त्यांच्या राजकारणात हिशेबाचे अंग होते.

मर्यादित बोलीच्या पत्त्यांच्या डावाशी ही रीत ताडून पाहण्यासारखी आहे. अशा डावात प्रत्येक चालीची रक्कम आधीच ठरलेली असते व ती लहान असते. मध्ये आठ चालींइतकी रक्कम पडलेली असून आणखी एकच चाल द्यावयाची असेल, तर नऊ वेळांत एकदा जिंकणाऱ्याचीही बरोबरी होते. म्हणून बेताची पाने असतानाही डावात राहणे पुष्कळदा योग्य ठरते. याउलट जिंकण्याचा संभव त्याहूनही कमी दिसला, तर जाणता खेळाडू पाने टाकतो. आधी घातलेली रक्कम गेली ती गेलीच. ती भरून काढण्यासाठी पुढची चाल तो करीत नाही. हा शेवटचा नियम सांगण्यास सोपा, पण पाळण्यास अतिशय कठीण आहे. विशेषतः गमावलेली वस्तू पैसा नसून धन्याचा विश्वास असतो तेव्हा ते अधिकच कठीण जाते. दुसरा भेद असा की, रणात बोलीला मर्यादा नसते. तुकडीचे नुकसान भरून येते. सरनोबताचे येत नाही.

नेसरीस नेमके काय घडले, याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांनी, बखर लिहिली. त्याच्या वर्णनात नेसरीस मोठे युद्ध झाले, दोन्हीकडील पुष्कळ लोक पडले आणि त्यात प्रतापराव तलवारीच्या वाराने ठार झाला. याहून निराळी हकीकत इंग्रजांच्या पत्रव्यवहारात मिळते. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने ४ एप्रिल १६७४ रोजी, घटनेनंतर अवघ्या सहा आठवड्यांत, लिहिलेल्या पत्रात दोन डोंगरांमधील चिंचोळ्या वाटेत सहा स्वारांसह प्रतापराव मारला गेला आणि उर्वरित फौज त्याच्या मदतीस पोहोचली नाही, असा वृत्तान्त आहे. प्रतापरावासह सात वीर ही संख्या या हकीकतीशी जुळते. घटनेशी असलेली काळाची जवळीक पाहता दुसरा वृत्तान्त अधिक ग्राह्य वाटतो. सहा स्वारांची जी नावे आज सांगितली जातात, ती मात्र या दोन्ही साधनांत नाहीत.

सात स्वार हजारोंच्या फौजेवर जाणूनबुजून तुटून पडले, की टेहळणीसाठी पुढे गेलेला सेनापती खिंडीत अकस्मात शत्रूच्या समोर आला, हेही निश्चित ठरविता येत नाही. पहिल्या मताला उमराणीनंतरच्या ठपक्याची पार्श्वभूमी बळ देते. यदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनी प्रतापरावाच्या उतावळेपणावर बोट ठेवले आहे. दोन्ही पक्षी एक गोष्ट स्पष्ट दिसते. मागील फौजेची वाट पाहणे किंवा वळून तिला मिळणे हे मार्ग मराठी घोडदळाच्या नित्याच्या रिवाजातले होते, आणि त्यांपैकी एकाचाही अवलंब झाला नाही. या संदर्भात जुलै १६६० मधील घोडखिंडीच्या झुंजीची आठवण होते. तेथे बाजीप्रभू व त्याचे साथीदार पडले ते महाराजांना विशाळगड गाठता यावा म्हणून. थोडे खर्ची घालून मुख्य ते वाचविले गेले. नेसरीच्या खिंडीत पुढे मुख्य होता व मागे फौज सुरक्षित राहिली.

त्या सुरक्षित राहिलेल्या फौजेमुळेच पराभवाचा परिणाम अल्पकाळ टिकला. सरनोबत पडताच पळापळ होण्याचा प्रघात त्या काळच्या सैन्यांत सर्वत्र दिसतो. येथे मात्र आनंदरावाने फौज सावरली. मार्च १६७४ मध्ये त्याने कर्नाटकात शिरून संपगावची पेठ लुटली आणि पाठलागावर आलेल्या विजापुरी सैन्याशी बंकापूरच्या बाजूस यशस्वी झुंज दिली. बहलोलखानाची मुख्य शक्ती मात्र शाबूत राहिली.

प्रतापरावाच्या मृत्यूने आपली एक बाजूच पडली, असे महाराजांना वाटल्याचे सभासदाने नोंदले आहे. एप्रिलमध्ये चिपळूणजवळ लष्कराची पाहणी करून त्यांनी हंसाजी मोहिते यास हंबीरराव हा किताब व सरनोबती दिली. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सेनापती म्हणून हंबीरराव उपस्थित होता.

विसाव्या शतकात कुसुमाग्रजांच्या कवितेने व तिच्या गायनाने नेसरीचा प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. लढाईपेक्षा सात ही संख्याच लोकांच्या अधिक लक्षात राहिली. नेसरीनजीक कानडेवाडीच्या परिसरात प्रतापरावाचे स्मारक आहे. प्रतापरावाची मुलगी जानकीबाई हिचा विवाह महाराजांनी आपल्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, १६८० मध्ये, राजारामाशी लावून दिला.